साडेतीन मिनिटांची शांतता

रनवेवरून बाजूच्या रस्त्याला वळलो, वेग माणसात आला आणि मी सवयीने रेडिओकडे हात नेला, तेव्हा मोठ्या खिडकीत जुनाच आकडा होता. रेडिओला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीत जो आकडा असेल तिथलं बोलणं आपल्याला ऐकू येतं. छोट्या खिडकीत पुढचा आकडा तयार करून ठेवायचा आणि वेळ आली की मधलं बटण दाबायचं, की दोघं जागा बदलतात. टॉवरचा आकडा छोट्या खिडकीत शहाण्यासारखा बसून होता. मीच बसवला होता, दशांश चिन्हासकट. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. म्हणजे ज्या टॉवरने 'उतरा' म्हणायचं असतं त्याच्याशी आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो, आणि एकशे सदुसष्ट माणसं, त्यात तीन व्हीलचेअरवाली, एवढा मोठा संसार घेऊन कोणाला न विचारता जमिनीवर आलो होतो. एखाद्याच्या घराचं दार ढकलून थेट स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं, तसं. मी बटण दाबलं. आता दाबून उपयोग नव्हता, पण बोटाला काहीतरी काम हवं होतं. हेडफोनमध्ये आधी एका बाईचा श्वास ऐकू आला. मग ती अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तशी म्हणाली, "आलात का?" मी म्हणालो, "आलो." ती म्हणाली, "विमान जागेवर लावलं की टॉवरला फोन करा." आमच्या धंद्यात एवढं वाक्य पुरतं. यानंतर कोणाला ओरडावं लागत नाही.

डावीकडे कॅप्टन होते. माझी खुर्ची उजवीकडची, मी को-पायलट. कॅप्टन पूर्वी कुठेतरी गणित शिकवायचे म्हणून त्यांना सगळे मागे मास्तर म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. ते मला चिरंजीव म्हणतात, आणि ते मला आवडत नाही हेही त्यांना माहीत आहे. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत रेडिओकडे पाहिलं. "चिरंजीव," ते म्हणाले, "आपण कोणाला विचारून उतरलो?"

त्याला आज चार दिवस झाले. चौकशीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, त्यावर आम्ही दोघं बसलो आहोत. मास्तर खोकल्याची गोळी चघळताहेत, खोकला नसताना. समोर काचेच्या पेटीत एका विमानाची प्रतिकृती आहे, तिची शेपटी कधीतरी मोडून परत चिकटवलेली, जरा तिरकी. विमानांच्या चुका तपासणाऱ्या कचेरीच्या दारात तिरक्या शेपटीचं विमान ठेवणारा माणूस एकतर फार भोळा असणार किंवा फार थोर. कोपऱ्यातलं पाण्याचं यंत्र मधूनच पोटातून गुरगुरतं. मी डोळे मिटले की ती दुपार येते. ती रंगीत येते हीच अडचण आहे. चूक कशी काळी-करडी यायला हवी, कागदासारखी. ही मधासारखी येते.

साडेचारची वेळ होती. ऊन समोरून येत होतं, सगळी काच भरून, आणि खालची गच्च्यांची वस्ती त्या उन्हात विरघळल्यासारखी दिसत होती. ज्या खोलीतला माणूस आम्हाला ओळीत लावून रनवेसमोर आणत होता, तो म्हणाला, आता टॉवरशी बोला, आणि त्याने आकडा सांगितला. मी तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवला. हा आमचा नियम आहे. जे सांगतील ते परत म्हणायचं, म्हणजे ऐकल्याची खात्री. मी छोट्या खिडकीत आकडा फिरवला, बोट बटणाकडे निघालं, आणि तेवढ्यात दुसऱ्या रेडिओवर, जो कंपनीच्या खालच्या माणसांसाठी असतो, एक गृहस्थ उगवले. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. आवाज मात्र ओळखीचा, सर्दी झालेला, कायमचा. "व्हीलचेअर किती?" मी म्हणालो, "तीन." ते म्हणाले, "काल चार होत्या." मी म्हणालो, "कालचं विमान काल उतरलं." ते म्हणाले, "तसं नव्हे हो, मी चार माणसं आणून उभी केलीत." मी म्हणालो, "मग एकाला बसवा खुर्चीत." ते हसले, शिंकले आणि गेले. एवढंच. उतरताना अशा माणसाला उत्तर द्यायचं नसतं, हे मला पाठ आहे, नियमाच्या क्रमांकासकट. पण कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, असं मला त्याच्याही आधीपासून, घरातूनच पाठ आहे. मी बोललो आणि माझा हात, आपलं काम झालं अशा समजुतीने, मांडीवर परत येऊन बसला.

मग ती शांतता सुरू झाली. रेडिओवर नेहमी कोणीतरी असतंच. कोणी उंची मागतंय, कोणाला वळायचंय, कोणी घसा खाकरतंय. त्या दुपारी ओळीत आम्ही शेवटचे होतो, आमच्या मागे कोणी नव्हतं. आणि जुन्या आकड्यावरच्या खोलीत, हे नंतर कळलं, नेमकी पाळी बदलत होती. एकाने हेडफोन काढला होता, दुसऱ्याने अजून चढवला नव्हता, आणि तो आपल्याला हवी तेवढी खुर्ची खाली-वर करत होता. जगात कोणालाही आमच्याशी काही बोलायचं नव्हतं. खाली एका गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर दिसली, एक तळं दिसलं, त्यातून मागे कुठेतरी आमची सावली कोरडीच निघून गेली असेल. मास्तरांचे हात सुकाणूवर होते आणि विमान इतकं स्थिर होतं, की ते लोंबत ठेवलं आहे आणि खालून जमीनच हळूहळू वर येते आहे असं वाटावं. चाकं उतरली. पंखांच्या मागच्या पट्ट्या उतरल्या. मी चेकलिस्ट वाचली आणि माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. हजार फुटांवर मास्तर म्हणाले, "परवानगी?" आणि मी म्हणालो, "आहे." त्यानंतर विमानच आपल्या यंत्राच्या आवाजात उरलेली उंची मोजू लागलं, पन्नास, चाळीस, तीस, लहान मूल जिना उतरताना स्वतःशी मोजतं तसं. टेकलं तेव्हा कळलंसुद्धा नाही. मागे एक म्हातारा प्रवासी, हे हवाईसुंदरीने नंतर सांगितलं, शेजारणीला म्हणाला, "उतरायच्या आधी सांगत का नाहीत हे लोक?"

लहानपणी आमच्या दोन खोल्यांत सात माणसं होती आणि सातही बोलणारी. आई बोलायची, आत्या तिच्यावरून बोलायची, काका रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायचे, वडील कमी बोलायचे पण त्यांचा शब्द दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा मोठा असायचा. प्रत्येक जण मला काहीतरी सांगत असे, आणि मी 'हो' म्हणत असे. 'हो' म्हटलं की माणूस दुसरीकडे वळतो, हा माझा पहिला शोध. दुसरा शोध कपाटाचा. पांघरुणांच्या कपाटात खालच्या कप्प्यात मी मावत असे. दार आतून ओढून घेतलं की सगळं घर लोकरीतून ऐकू यायचं, कोणाचंही बोलणं कोणाचं राहायचं नाही, नुसता एक ऊबदार गुणगुणाट. एका सुट्टीच्या दिवशी आईने मला हाक मारली. मी ऐकली. उत्तर द्यायचं माझ्या मनात होतं, अगदी ओठांवर होतं, पण आणखी थोडा वेळ राहू दे असं वाटलं. मग आत्याने मारली. मग शेजाऱ्यांनी. हाका जिन्यावर गेल्या, रस्त्यावर गेल्या, पातळ होत गेल्या. जितका वेळ जाईल तितकं उत्तर देणं अवघड होत जातं. पहिल्या हाकेला ओ देणं सोपं असतं, चाळिसाव्या हाकेला ओ देणाऱ्याला आधीच्या एकोणचाळीस हाकांचा हिशेब द्यावा लागतो. मी झोपलो. उठून बाहेर आलो तेव्हा काका गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरून ओलेचिंब परत आले होते आणि आई फरशीवर बसली होती, हातात माझी एक चप्पल. मला वाटलं मारणार. तिने ती चप्पल माझ्या पायात घातली, नीट, बोटं सरळ करून, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. काका मात्र बोलले. "अरे, टाकी साफ करायचीच होती," ते म्हणाले.

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. तिच्या कामात समोरच्याला बोलताच येत नाही आणि माझ्या कामात सगळेच बोलतात, त्यामुळे संध्याकाळी आम्ही घरी येतो तेव्हा तिला उत्तरं हवी असतात आणि मला भिंत. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती. मी म्हणालो, उद्यापासून मला विमानावर पाठवणार नाहीत, चौकशी होईपर्यंत. ती म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यातली तुझी परीक्षा?" ती परीक्षा म्हणजे डावीकडची खुर्ची. आठ वर्षं मी उजवीकडून त्या खुर्चीकडे पाहतो आहे. त्या खुर्चीच्या हातावर कुठे रंग उडाला आहे तेही मला माहीत आहे. मी म्हणालो, "त्याचंच तर सगळं आहे."

आणि मास्तर काय म्हणाले तेही सांगितलं. विमानतळावरून शहरात येणाऱ्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते, टोपी गुडघ्यावर. म्हणाले, "चिरंजीव, ऐक. मी तुला परवानगीबद्दल विचारलंच नाही. मला वाटलं, घेतली असशील. चूक माझी, कॅप्टनची." मी म्हणालो, "तुम्ही विचारलंत." ते म्हणाले, "कोणी ऐकलं?" खरंच कोणी ऐकलं नव्हतं. आमच्या कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र फक्त शेवटचे दोन तास जपून ठेवतं. ते लगेच बंद करायला हवं होतं, पण तासाभरात तेच विमान दुसरे दोन पायलट घेऊन गेले आणि आमच्या बोलण्यावर त्यांचं बोलणं चढलं. त्यातला एक, म्हणे, अख्खा रस्ता आपल्या नव्या गुडघ्याबद्दल बोलत होता. माझा 'आहे' त्या गुडघ्याखाली गेला. "मला अकरा महिने राहिलेत," मास्तर म्हणाले. "आत्ताच घरी बसवतील. बसायची सवय तरी होईल. तुझं काय, तुझं आयुष्य जायचंय." आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या कानातले केस पांढरे आहेत हे मला तेव्हाच दिसलं.

बायकोने एक बाही दुसऱ्या बाहीवर ठेवली. "तू 'आहे' म्हणालास?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? दात दुखतोय की नाही, याला बहुतेक नसतं."

"हजारो वेळा म्हटलंय गं तो शब्द. तोंडातच राहायला आलाय. त्याला माझी गरज लागत नाही."

"मला रोज 'हो' म्हणतोस तसा."

"तुला मी ऐकून म्हणतो."

"आत्ता मी कोणत्या रंगाचा शर्ट घडी घालून ठेवला?" मी पलंगाकडे पाहणार तोच तिने त्यावर टॉवेल टाकला. ती हसली नाही. "मास्तरांना घरी बसवणार म्हणतोस," ती म्हणाली, "त्यांच्या बायकोला विचारलंय का कोणी?" मग टॉवेलाचीही घडी घातली. "हे बघ, काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फक्त मला येऊन जे सांगशील ते खरं सांग, मला दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय आहे."

चार दिवस मी ठरवत होतो आणि ठरवण्याच्या नावाखाली घरातले सगळे आवाज ऐकत होतो. फ्रिज एका सुरात धरून बसतो आणि मधूनच दचकून थांबतो. वरच्या मजल्यावरचा कोणीतरी रोज अकरा वाजता काहीतरी गोल वस्तू जमिनीवर सोडतो आणि ती कुठेतरी जाऊन थांबते. सासूबाईंचा फोन आला, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "जावईबापू, घरी कसे? बरं नाही का?" मी म्हणालो, "सुट्टी आहे." "मग विमान कोण चालवतंय?" त्यांनी काळजीने विचारलं, जणू जगात एकच आहे. आणि या सगळ्या आवाजांच्या खाली, फरशीखालून पाणी वाहावं तशी, ती साडेतीन मिनिटं वाहत होती. एक गोष्ट मी मास्तरांना सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. 'आहे' म्हणालो ते उघड होतं, ते कुठे तरी सांगता आलं असतं. ही दुसरी गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती, कारण तिला काही आकारच नव्हता.

"या," एक शिपाई दार उघडून म्हणाला. मास्तरांनी उरलेली गोळी कडकन चावली.

आत एक लांब टेबल, तीन माणसं, मधल्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात फॉर्म. टेबलाच्या टोकाला एक बाई बसली होती, पंचेचाळिशीची असेल, चष्मा डोक्यावर सरकवलेला, दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवलेले. टॉवरमधली बाई. तिने वर पाहिलं नाही. अधिकारी म्हणाले, "आधी टेप ऐकू," आणि त्यांनी बटण दाबलं, त्यांना मात्र ते लगेच सापडलं. टॉवरचा टेप जपून ठेवलेला असतो. आमचा नंबर घेऊन तिने आम्हाला हाक मारली, साध्या आवाजात, दुकानात पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवावं तशी. मग परत. तिसऱ्या वेळेला नंबराचा प्रत्येक आकडा सुटा केलेला. रनवेवर तेव्हा पक्षी हाकलणारी जीप होती. जीपवाल्याला बाहेर काढताना तिचा आवाज एकदम खरखरीत झाला, आणि मग आम्हाला, वर जा, उतरू नका, वर जा. मागे फोन वाजत असल्याचं ऐकू येत होतं, तो पाळी बदलणाऱ्यांच्या खोलीत लावलेला होता. टॉवरमधून लाल दिवाही दाखवला होता म्हणे, पण ऊन आमच्या डोळ्यांत होतं. जीपवाला म्हणाला, निघालो बाई, निघालो. ती परत आमच्याकडे. नऊ हाका होत्या. मी त्या ऐकत होतो आणि त्याच वेळी मला गच्चीवरची चादर दिसत होती, तळं दिसत होतं. प्रत्येक हाकेला माझ्याकडे एकेक सुंदर चित्र होतं. नवव्या हाकेनंतर टेपवर काहीच नव्हतं. टेप फिरत राहिला. कोणीतरी पेन खाली ठेवलं. मग सव्वा मिनिटाने तिचं "आलात का?" आणि माझं "आलो".

"इथे तुम्ही हाका मारायच्या थांबलात," अधिकारी बाईंना म्हणाले. "नियम काय सांगतो?"

"मारत राहा असं सांगतो."

"मग?"

"जीप बाहेर गेली होती साहेब. रनवे मोकळा होता. ते दोनशे फुटांवर होते. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असतं आणि त्यांनी बटण दाबलं असतं, तर कानात पहिल्यांदा माझं ओरडणं गेलं असतं. तेवढ्या खाली माणसाला दचकवू नये. म्हणून मी माइक सोडला. आणि बघत बसले."

"हे तुमच्या मनाने."

"हो. माझ्या मनाने."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. ज्या पद्धतीने लिहून घेतलं, त्यावरून ते तिला महाग पडणार हे कोणालाही कळलं असतं. मला वाटत होतं, ती शांतता माझी एकट्याची आहे. तिचा शेवटचा तुकडा या बाईने टॉवरमध्ये उभं राहून, ओठ मिटून, आमच्यासाठी धरून ठेवला होता, आणि आम्ही तर त्या आकड्यावर नव्हतोच.

"परवानगीबद्दल," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "मी यांना विचारलंच नाही. ही जबाबदारी—"

"विचारलं होतं," मी म्हणालो. "मी 'आहे' म्हणालो."

टेबलाखाली मास्तरांचा बूट माझ्या बुटावर आला. एकतीस वर्षं विमानांचे ब्रेक दाबलेला पाय, त्याने मला जागच्या जागी उभं केलं. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि फॉर्मचं पान उलटलं. "बरं. एकच राहिलं. साडेतीन मिनिटं रेडिओवर काहीही नाही. हे लक्षात आलं नाही?" त्यांनी आवाज थोडा मऊ केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "इथे रकाने आहेत. थकवा, कामाचा ताण, उपकरणातला बिघाड, इतर. त्या दिवशीचं तुमचं तिसरं उड्डाण होतं. थकवा असेल तर तसं सांगा, महिनाभर विश्रांती मिळते आणि मग परत काम सुरू. परीक्षासुद्धा थोडी पुढे जाईल, एवढंच." मास्तरांचा बूट आणखी जोरात. 'थकवा' हा किती गुळगुळीत शब्द आहे, माझ्या जिभेवर तो आपणहून येऊन बसला, आता फक्त तोंड उघडायचं.

"लक्षात आलं होतं," मी म्हणालो.

"कधी?"

"सुरुवातीलाच. व्हीलचेअर विचारणारे गृहस्थ गेल्यावर लगेच. एवढं शांत कधी नसतं, हे मला कळत होतं. काहीतरी राहिलंय, हेही कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"छान वाटत होतं."

पाण्याचं यंत्र बाहेर गुरगुरलं, दार बंद असूनही ऐकू आलं. डावीकडचा सभासद हसू की नको अशा चेहऱ्याने अधिकाऱ्यांकडे वळला. टॉवरमधल्या बाईने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, माझ्या विमानाकडे त्या दिवशी पाहिलं असेल तसं.

"यंदा तुमची परीक्षा होणार नाही, कळतंय ना?" अधिकारी म्हणाले. "पुढच्या वर्षीचंही मी सांगू शकत नाही."

"कळतंय."

"आणि हे मी असंच लिहू? 'छान वाटत होतं'?"

"असंच लिहा. आणि बाईंनी ओरडायचं थांबवलं, ते बरोबर केलं, हेही लिहा. मी तेव्हा दचकलो असतो."

'इतर'च्या पुढे जागा थोडीच होती. त्यांनी पेन जरा तिरकं धरलं आणि बारीक अक्षरात सुरुवात केली, ओळ संपली तशी समासात वळले. आम्ही सगळे ते लिहून होण्याची वाट पाहत होतो. टेबलाखाली मास्तरांनी माझ्या बुटावरचा पाय हळूच काढून घेतला.